एखादं चांगलं पुस्तक सुचवा!

लग्नाच्या पंगतीत शेजारी डॉक्टर निघाला की लोक त्याला आपल्या पाठीचं दुखणं सांगतात. वकील निघाला की भाऊबंदकीची कागदपत्रं सांगतात. मराठीच्या प्राध्यापिकेकडे काय मागावं, हा मात्र त्यांना प्रश्न पडतो. पण समोर आलेल्या माणसाला काही न मागता सोडणं आपल्या रक्तात नाही. म्हणून मग जिलबीचा घास संपवून ते म्हणतात, "तुम्ही मराठीच्या ना? मग एखादं चांगलं पुस्तक सुचवा!"

त्या 'चांगल्या'च्या अटी ऐकण्यासारख्या असतात. फार जाड नको. रडकं नको. मुलांसाठी हवं असेल तर त्यात बोध हवा, पण तो मुलांच्या लक्षात येता कामा नये. मुंजीत द्यायचं असेल तर दिसायला भारदस्त हवं, पण किंमत दोनशेच्या आत. एका गृहस्थांनी आगगाडीत वाचायला पुस्तक विचारलं आणि ते नागपूर यायच्या आत संपलं पाहिजे, असंही बजावलं. एक बाई म्हणाल्या, "कादंबरी नको हो, काहीतरी खरं सांगा." कादंबरीत सगळं खोटं आणि आत्मचरित्रात सगळं खरं, ही आपल्या मध्यमवर्गाची फार जुनी समजूत आहे. गेली वीस वर्षं मी वर्गात आत्मचरित्रं शिकवते आहे. पण त्या बाईंची समजूत मोडायचं काही माझ्या जिवावर आलं नाही असं नाही.

खरं सांगू? हा प्रश्न मला मनापासून आवडतो. आवडत नाहीत त्या याद्या. 'प्रत्येकानं वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं' हल्ली दर आठ दिवसांनी कुणीतरी मोबाइलवर पाठवतं. पाठवणाऱ्यानं त्यातली किती वाचली, हे विचारायचं नसतं. अशी यादी म्हणजे मिठाईवाल्याच्या दुकानातला दरांचा फळा. तो वरपासून खालपर्यंत वाचला तरी तोंड गोड होत नाही. शिवाय यादीला समोरचा माणूस दिसत नाही. परीक्षा बुडालेला मुलगा, नुकती लेक सासरी गेलेली आई आणि पेन्शनीत निघालेले हेडक्लार्क या तिघांना ती एकच पुस्तक एकाच क्रमांकानं देते. शि. रा. रंगनाथन हे मुळात मद्रासकडचे गणिताचे प्राध्यापक. ते ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असे त्यातले दोन आहेत. बघा, गणितातल्या माणसालासुद्धा ही बाब शंभराच्या हिशेबात बसवाविशी वाटली नाही.

पुस्तक सुचवण्याची विद्या मी कॉलेजात शिकले नाही. माझं माहेर तालुक्याच्या गावी. तिथं एक 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय होतं. पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं, कण्यावर शाईनं घातलेला आकडा आणि शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी. ही चिठ्ठी मला पुढं वाचलेल्या पुष्कळ समीक्षेपेक्षा विश्वासाची वाटे. शिक्के तळापर्यंत जाऊन वर दुसरी चिठ्ठी डकवली असेल, तर पुस्तक खुशाल घरी न्यावं.

पण खरी मौज पहिल्या कोऱ्या पानावर असे. 'पुस्तकांवर काहीही लिहू नये' अशी पाटी भिंतीवर होती. ज्यांच्या खिशात पेन्सिल नसे, ते ती कसोशीनं पाळत. बाकीच्यांनी मागून येणाऱ्यांसाठी सल्ले लिहून ठेवलेले असत. 'अवश्य वाचा.' त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'वाचू नका, वेळ फुकट.' त्याच्याही खाली, 'वरील इसमास साहित्य कळत नाही.' मग चौथा कुणीतरी शहाणा या तिघांची समजूत घाली. एका रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुणी लिहिलं होतं, 'खून माळ्याने केला.' त्या हस्ताक्षराचा मालक अजून कुठं भेटला तर मी त्याला सोडणार नाही. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'वर मात्र एवढंच होतं, 'रात्री वाचू नये.' अक्षर बाईचं होतं. मी नववीत होते. अर्थात रात्रीच वाचलं. १९३९ सालची ती कादंबरी. युरोपातून हिंदुस्थानाकडं येणारी बोट, तिच्यावरचा एक मराठी तरुण आणि हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेली एक ज्यू मुलगी. मला त्यातलं निम्मंअधिक कळलं नाही. झोप मात्र लागली नाही. पुढं या कादंबरीवर मी पुष्कळ वाचलं, पण त्या तीन शब्दांएवढं नेमकं क्वचितच.

तिथले ग्रंथपाल कमी बोलत. "कुठलं पुस्तक आवडलं?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. पुस्तक परत केलं की चष्म्यावरून बघत म्हणत, "अर्धवट कुठलं सोडलंस? आणि कुठं सोडलंस?" या उत्तरावरून ते उठत आणि थेट एका कपाटाशी जात. आवडीबद्दल माणूस थोडं खोटं बोलतो, नाही म्हटलं तरी चारचौघांत शोभेल असंच सांगतो. सोडलेल्या पुस्तकाबद्दल खोटं बोलायचं त्याला सुचत नाही. ही युक्ती मी त्यांच्याकडून उचलली ती आजतागायत वापरते.

ती युक्ती पणाला लागली ती आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंमुळं. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मुंबईला पोस्टात नोकरी करून निवृत्त झाल्या आणि मुलाकडं राहायला आल्या. वाचन दांडगं. गेल्या पावसाळ्यात त्यांचे डोळे तपासले, तेव्हा दृष्टिपटलाच्या ऐन मध्यावर, ज्याला डॉक्टर मॅक्युला म्हणतात तिथं, झीज निघाली. या दुखण्यात कडेचं दिसत राहतं आणि नेमकं समोरचं पुसत जातं. दारात कुणी उभं आहे हे कळतं, चेहरा कळत नाही. ओळ दिसते, तिच्यातला शब्द दिसत नाही.

एका संध्याकाळी त्या जिना उतरून माझ्याकडं आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "हे बघ, माझ्या डोळ्यांत आता चार-पाच पुस्तकं उरली असतील. मोठं भिंग नि डोक्यावर दिवा घेऊन रोज आठ-दहा पानं होतात. कोणती वाचू, सांग."

लग्नाच्या पंगतीतली सगळी हुशारी माझ्या तोंडातच राहिली. शेवटी मी ग्रंथपालांचा आधार घेतला. "काकू, अर्धवट काय काय राहिलंय?"

"ते नंतर सांगते. तू आधी तुझं सांग."

मी 'स्मृतिचित्रे'चं नाव घेतलं. पुन्हा एकदा वाचावं असं त्याच्याइतकं पुस्तक मला तरी दुसरं माहीत नाही. काकूंनी हात हलवला. "ते सुनेकडून ऐकीन. लक्ष्मीबाई लिहीत नाहीत गं, बोलतात. बोलणं कानांनी ऐकावं. त्याला डोळे कशाला खर्ची घालू?" १९३४ साली पहिला भाग निघाल्यापासून लक्ष्मीबाई टिळकांच्या भाषेवर विद्वानांनी किती लिहिलं आहे! काकूंनी ते पाणी पिता पिता सांगून टाकलं. त्याच न्यायानं गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'ही कानांच्या बाजूला गेला. दक्षिणा मिळवायला उत्तरेत निघालेला वरसईचा गरीब भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडतो, झाशीचा वेढा आतून बघतो आणि शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी येतो. ते पुस्तक १९०७ साली छापून आलं. "तो ओटीवर बसून सांगतोय असंच वाटतं," काकू म्हणाल्या. "ते मुलाकडं दिलं. त्याला तेवढंच घरी लवकर यायला निमित्त."

"आणि नातवाकडं?"

"पाडस." मार्जोरी रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची १९३८ सालची ही कादंबरी राम पटवर्धनांनी मराठीत आणली. रानातलं एकाकी घर, एक मुलगा आणि त्यानं पाळलेलं हरणाचं पोर. नातू बारा वर्षांचा. पुस्तकाला हात लावायचा तर मोबाइल खाली ठेवावा लागतो, ही त्याची मुख्य तक्रार. मुलानं काकूंना फोनवर पुस्तकं ऐकायची सोय करून दिली होती. पण वाचणाऱ्या बाईला मध्येच थांबवून काही विचारता येत नाही, म्हणून काकूंनी ती बंद केली.

'रुचिरा'चा मी गमतीनं विषय काढला. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० सालचं. काकूंच्या प्रतीला इतके तेलाचे डाग आहेत की हवं ते पान आपोआप उघडतं. "ते बोटांचं पुस्तक," त्या म्हणाल्या. "ते वाचतं कोण?"

मग डोळ्यांची पुस्तकं कोणती? पहिलं त्यांनी सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' सांगितलं. १९९० साली निघालं तेव्हाच त्यांनी वाचलं होतं, पण घाईघाईनं आणि काका समोर बसलेले असताना. आता सावकाश वाचायचं होतं.

"सून छान वाचते तुमची. तिच्याकडून—"

"नको. वाचता वाचता तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं तर?"

दुसरं, इरावती कर्व्यांचं 'युगान्त', १९६७ सालचं. महाभारतातल्या माणसांना देव्हाऱ्यातून उचलून घरातल्या माणसांसारखं समोर बसवणारं. "त्यात गांधारी आली की मला इरावतीबाईंशी भांडावं लागतं. द्रौपदी आली की पुन्हा. वाचून दाखवणाऱ्याला किती वेळा थांबवणार?"

मग थोडं थांबून त्यांनी माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. "बलुतं."

दया पवारांचं हे आत्मकथन १९७८ सालचं. तेव्हा काकूंच्या ऑफिसात ज्याच्या त्याच्या टेबलावर ते असे. त्यांनीही वाचनालयातून आणलं आणि पंचवीसेक पानं वाचली. सासरे म्हणाले, हे असलं घरात कशाला? दुसऱ्या दिवशी काकूंनी ते परत केलं. पुढं सासरे गेले, काकाही गेले, पुस्तक बाजारात मिळतच होतं. पण ते पुन्हा घरात आलं नाही.

"हे सूनही वाचून दाखवील, हौसेनं दाखवील," त्या म्हणाल्या. "पण परत मी केलं होतं. माझ्या हातांनी. तेव्हा वाचायचंही मीच."

माझ्या कपाटातली प्रत मी त्यांना दिली. खरं तर मी पुस्तकं घराबाहेर देत नाही. महिनाभर रोज सकाळी त्यांच्या खिडकीत दिवसाउजेडी दिवा दिसे. एकदा वर गेले तर भिंग मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या होत्या. म्हणाल्या, "आम्ही गिरगावात वाढलो. तिथून नागपाडा म्हणजे पायी जाण्यासारखा. आणि हा कावाखाना, तिथली ही माणसं, या बायका… नावसुद्धा कधी आमच्या कानांवर आलं नव्हतं. की आलं होतं आणि आम्ही ऐकलं नव्हतं?" मी काही बोलले नाही. काकूंनी बोटानं चाचपून ओळ धरली आणि भिंग उचललं.

इकडं 'पाडस'चं वाचन चाललंच होतं. नातू आधी रोज मोजून चार पानं वाची. मग सहा झाली. एके रात्री साडेनवाला तो माझ्या दारात हजर. चेहरा उतरलेला. आजीला न सांगता त्यानं शेवटपर्यंत वाचून काढलं होतं. काय होतं ते मी इथं सांगणार नाही. त्या माळ्याचं नाव लिहिणाऱ्याच्या पंगतीला मला बसायचं नाही.

"मावशी, तुम्ही मराठी शिकवता ना? मग सांगा. शेवट आजीला आहे तसाच वाचून दाखवू, की थोडा बदलू?"

"मी वाचला तेव्हा कुणी बदलला नव्हता," मी म्हटलं.

त्यानं आहे तसाच वाचला. एका ठिकाणी त्याचा आवाज अडकला. तेव्हा पुढचं वाक्य काकूंनी पुस्तकाशिवाय म्हटलं. त्यानं मान वर केली. "आजी, तुला माहीत होतं?"

"तुझ्या बाबाला मीच वाचून दाखवलं होतं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तू वाचलं असतंस का रे?"

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं शर्टाच्या टोकानं भिंग पुसलं, खिडकीतला दिवा लावला आणि 'युगान्त'मधलं खुणेचं पान काढून तिच्यापुढं ठेवलं.