फास्ट

विरारहून चर्चगेटला जाणारी गाडी 'फास्ट' आहे असे कळले, की फलाटावरची माणसे धावू लागतात. कापडाच्या दुकानात मात्र "रंग फास्ट आहे" असे दुकानदार म्हणतो, तेव्हा तो रंग कोठेही जाणार नाही, हेच त्याला सांगायचे असते. आमची आजी तरीही लाल लुगड्याचा पदर ओला करून पांढऱ्या रुमालावर घासून पाहत असे. एकाच शब्दाने पळावेही आणि जागचे हलूही नये, ही इंग्रजीची गंमतच!

या दोहोंत स्थिरपणा थोरला. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ घट्ट, अढळ असा होता. विमानात पट्टा बांधायला सांगताना वापरतात ते 'फासन' त्याचेच भावंड. घट्टवरून नेटाने, नेटाने धावण्यावरून वेगाने, अशी अर्थाची पावले पडत गेली. पावसाळ्यात नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी साचले, की आपली फास्ट लोकल मुकाट्याने मूळ अर्थाकडे परतते!

उपवासाचा 'फास्ट'ही या घट्टपणातूनच आला. नेम घट्ट धरणे, तो फास्ट. आपल्या 'उपवास' शब्दातही पोटाचा उल्लेख नाही. उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणे. एवढ्या दूरच्या दोन भाषांना अन्न सोडताना 'राहणे'च आठवावे, याचे मला नवल वाटते.

माझ्या आईच्या लहानपणी ख्रिस्तप्रसादाआधी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५३ साली पोप बारावे पायस यांनी पाण्याची मुभा दिली, १९५७ साली उपवास ३ तासांवर आणला. १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी तो १ तासावर आणला. आई आता ऐंशीच्या पुढे आहे, मधुमेही आहे. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवारचा उपवास १८ ते ५९ वयापर्यंतच बंधनकारक, आजाऱ्यांना तर सूटच, हे फादरांनी तिला समजावले. डॉक्टरांनीही बजावले. पण त्याच डॉक्टरांनी रक्ततपासणीला 'फास्टिंग' यायला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "साखर मोजायला उपास चालतो, मग देवासाठी का नाही?" डॉक्टर हसले. मला हसू आले नाही. साखर उतरून ती कोठे कोसळेल, ही धास्ती मनात होती.

तोड अखेर तिनेच काढली. गेल्या शुभ शुक्रवारी तिने वेळेवर पेज प्यायली, गोळी घेतली आणि उपासनेला आली. दुःखसहनाचे वाचन चालू असताना एका मुलीने तिच्यापुढे खुर्ची सरकवली. आईने ती हाताने बाजूला केली आणि वाचन संपेपर्यंत उभी राहिली.