विजयदुर्गच्या पाण्यावर जळालेले आरमार

मुंबई-गोवा रस्त्यावरील तळेरे फाट्यापासून सुमारे पन्नास किलोमीटर पश्चिमेस गेले, की वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग उभा दिसतो. तिहेरी तटबंदी आणि पाण्यातून वर आलेले बुरूज पाहून प्रवासी बहुधा तृप्त मनाने परत फिरतात. परंतु येथील सर्वांत मोठी घटना तटावर घडलेली नाही. ती घडली तटाखालच्या पाण्यावर. शिडांच्या जमान्यात जहाजे वादळाने फुटत, खडकावर आपटत किंवा वाट चुकून नाहीशी होत. मराठ्यांच्या आरमाराचा मोठा भाग मात्र १२ फेब्रुवारी १७५६ रोजी नांगरावर उभा असतानाच जळून गेला.

ह्या आरमाराची मुख्य जहाजे दोन प्रकारची होती. गुराब हे मोठे, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे जहाज. त्याची नाळ पुढे लांबवर निमुळती गेलेली असे व तीवरून समोर तोफा डागता येत. गलबत त्याहून लहान, शिडांखेरीज चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारे. वारा पडला, की इंग्रजांची उंच जहाजे जागच्या जागी खिळून राहत. तेव्हा गलबते गुराबांना ओढीत त्यांच्या पिछाडीस नेत, जेथे शत्रूच्या फार थोड्या तोफा पोचत. प्रस्तुत लेखक चंदीगडला राहतो. तेथे १९५८ साली बांध घालून निर्मिलेल्या सुखना सरोवरावर संध्याकाळी वारा पडला, तर नौकाविहारास आलेल्या मंडळींना बरेच वाटते. कोकणच्या दर्यावर त्याच पडलेल्या वाऱ्याने कित्येक धनाढ्य जहाजांचे भवितव्य ठरविले, हे त्या काठावर बसून सहसा सुचत नाही!

कान्होजी आंग्रे ह्यांच्या हयातीत इंग्रजांनी १७१७ व १७२० साली आणि डचांनी १७२४ साली विजयदुर्गावर हल्ले केले, तिन्ही फसले. कान्होजी १७२९ साली निवर्तले आणि त्यांच्या पुत्रांत दुही माजली. तरीही संभाजी आंग्रे ह्यांनी १७३५ साली ‘डर्बी’ हे कंपनीचे संपत्तीने भरलेले जहाज पकडले आणि पुढे तुळाजी आंग्रे ह्यांनी ‘रेस्टोरेशन’ हे लढाऊ जहाज हस्तगत केले. ह्या दुसऱ्या जहाजाचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

तुळाजी पराक्रमी खरे, पण पेशव्यांचा अधिकार त्यांनी कधी मानला नाही, आणि पेशव्यांच्या मुलखासही त्यांचा उपद्रव होई. नानासाहेब पेशव्यांचा संताप समजण्यासारखा आहे. समजण्यास कठीण आहे तो त्यांनी योजलेला उपाय. १७५५ साली त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला, आणि पुढच्या वर्षी अॅडमिरल वॉटसन ह्यांचे आरमार व कर्नल क्लाइव्ह ह्यांची फौज विजयदुर्गापुढे येऊन ठाकली. तुळाजी तोपर्यंत बोलणी करण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेले होते. तेथून ते पुन्हा किल्ल्यात परतले नाहीत.

दुपारी तोफांचा मारा सुरू झाला. आंग्र्यांची जहाजे किल्ल्याच्या आश्रयाने एकमेकांस खेटून नांगरलेली होती. चार-पाचच्या सुमारास एक गोळा ‘रेस्टोरेशन’वर पडला व ते पेटले. इंग्रजांकडून जिंकून आणलेले तेच जहाज आता आगीचे मूळ ठरले! सागवानी फळ्या, डांबर, काथ्याचे दोर आणि शिडांचे कापड, ह्यांहून चांगले इंधन कोणते? नांगर तोडून बाहेर पडावे, तर मुखाशी शत्रू. जहाजामागून जहाज पेटत गेले. बांधणीवरची नवी जहाजेही त्यातून सुटली नाहीत. त्या रात्री क्लाइव्ह ह्यांनी किनाऱ्यावर उतरून आपले सैन्य किल्ला आणि पेशव्यांची छावणी ह्यांच्यामध्ये आणून बसविले. मित्राच्या हाती किल्ला जाऊ नये, म्हणून! १३ तारखेस किल्ला शरण आला. सुमारे दहा लक्ष रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांतच वाटून घेतली.

वॉटसन ह्यांच्या जहाजावरील शल्यवैद्य एडवर्ड आइव्ह्ज ह्यांनी १७७३ साली आपला प्रवासवृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यात किल्ल्यात सापडलेल्या आंग्रे कुटुंबाची हकीकत आहे. तुळाजींच्या मातेने आपल्या निराधार स्थितीविषयी विलाप केला, तेव्हा मला पित्यासमान व मित्र माना, असे वॉटसन म्हणाले; त्यावर सहा वर्षांच्या एका बालकाने त्यांचा हात धरला, आणि त्या दर्यावर्दी सेनानीस अश्रू आवरले नाहीत. अश्रू खरे असतील. पण त्या बालकाचा पिता पुढे मरेपर्यंत कैदेत राहिला.

किल्ला वर्ष संपण्यापूर्वी पेशव्यांस मिळाला. आनंदराव धुळप ह्यांनी येथूनच १७८३ साली इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज लढून पकडले, म्हणजे दर्यावरचे शौर्य सरले नव्हते. पण आंग्र्यांचा दरारा पुन्हा उभा राहिला नाही. इंग्रजांच्या बाजूने मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली बांधलेले सागवानी ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. विजयदुर्गच्या गुराबांपैकी एकही उरलेले नाही.

उरली आहे ती गोदी. किल्ल्यापासून खाडीने दोन-तीन किलोमीटर आत गेल्यावर खडक फोडून केलेली ही जागा दिसते. लांबी सुमारे साडेतीनशे फूट. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यावयाचे आणि ओहोटीस तळ उघडा पडला, की डागडुजी करावयाची, अशी तिची रीत. किल्ल्याबाहेर समुद्रात बुडालेली एक भिंतही राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी तपासली आहे. चाल करून येणारी जहाजे तिच्यावर आपटत, असे स्थानिक लोक सांगतात. भिंत प्रवाशास दिसत नाही. गोदी दिसते, मात्र तेथे ओहोटीच्या वेळी जावे.