सी-फेसिंग पवनचक्की

मुंबईत ‘सी-फेसिंग’ म्हटलं की फ्लॅटचा रेट आपोआप चढतो. त्यामुळे नुसत्या समुद्राच्या व्ह्यूसाठी माणसं सोळा वर्षं भांडू शकतात, हे मला तरी सहज पटतं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याशी नॅन्टकेट साउंड आहे. तिथल्या उथळ पाण्यात १३० पवनचक्क्या उभारून ४६८ मेगावॉट वीज काढायची, असा हा प्रकल्प; पहिला प्रस्ताव २००१ मध्ये आला. नाव केप विंड. किनाऱ्यावर बड्या लोकांचे बंगले, केनेडी घराण्याचाही तिथेच. एरवी पर्यावरणाची बाजू घेणारे सिनेटर टेड केनेडी इथे मात्र कट्टर विरोधक! हसू येतं ना? मलाही आलं. पण मग वाम्पानोआग आदिवासींचा आक्षेप वाचला. समुद्रावरचा मोकळा सूर्योदय हा त्यांच्या धर्मविधींचा भाग आहे. त्यांना बंगलेवाल्यांच्या रांगेत बसवणं मला काही जमत नाही.

कायद्याचा गुंता तर विचारूच नका. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंत हद्द राज्याची, त्यापुढे केंद्राची. चक्क्या केंद्राच्या पाण्यात, पण वीज आणणारी केबल राज्यातून जाणार. म्हणजे परवानग्या दोन्हीकडे. फाइल आधी लष्कराच्या इंजिनिअर विभागाकडे होती. २००५ च्या ऊर्जा कायद्याने ती इंटिरिअर खात्याकडे गेली आणि पर्यावरण अहवाल नव्याने सुरू. बॉस बदलला की आपलं प्रेझेंटेशन पहिल्या स्लाइडपासून होतं, तस्संच. २००७ मध्ये केबलला स्थानिक आयोगाने नकार दिला, २००९ मध्ये राज्याच्या मंडळाने तो बाजूला सारला. केंद्राची मंजुरी मिळाली २०१० मध्ये.

विरोधक बहुतेक खटले हरले. तरी जिंकले तेच. मी कर्जाच्या फाइली बघतो, त्यामुळे यामागची गोम मला चांगली कळते. ‘अपील प्रलंबित’ एवढे दोन शब्द दिसले की फाइल गठ्ठ्याच्या तळाशी जाते. वीज विकत घेणाऱ्या दोन कंपन्यांच्या करारात ३१ डिसेंबर २०१४ ची डेडलाइन होती. तोवर पैसा उभा राहिला नाही, आणि जानेवारी २०१५ मध्ये दोघींनी करार मोडले. २०१७ च्या डिसेंबरात कंपनीने समुद्राचा लीजही सोडून दिला. एकही चक्की फिरली नाही. कोर्टात जायचा हक्क हवाच, पण निकाल काहीही लागो, नुसता उशीर करून काम साधत असेल तर तो हक्क कुणाला परवडतो? वाम्पानोआगांना की बंगलेवाल्यांना?

अलीकडे तर गंमत उलटी झाली. शेजारच्या ऱ्होड आयलंडजवळच्या रेव्होल्यूशन विंडकडे सगळ्या परवानग्या होत्या, ६५ पैकी ४५ चक्क्याही उभ्या होत्या. तरी ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानेच काम थांबवलं. मग कोर्टाची पायरी चढली ती पवनचक्कीवाली कंपनी. महिन्याभरात न्यायाधीशांनी काम सुरू करू दिलं. डिसेंबरात सरकारने ते पुन्हा थांबवलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनी पुन्हा त्याच कोर्टात.