दाढ दुखायची थांबते तेव्हा

दाढ ठणकायला लागली की घरातले सगळेच डॉक्टर होतात. कुणी लवंग देतं, कुणी मिठाच्या पाण्यानं चुळा भरायला सांगतं, कुणी मेडिकलमधून गोळ्या आणतं. चार-सहा दिवसांनी दुखणं थांबतं, लवंगेला श्रेय मिळतं आणि विषय संपतो. पण पुष्कळदा दुखणं थांबतं ते दाढ बरी झाली म्हणून नाही, तर आतली नस मेली म्हणून. मेलेली नस दुखत नाही. खरी भानगड त्यानंतर सुरू होते, तीही गुपचूप.

अब्बांच्या खालच्या दाढेचं असंच झालं. रमजानच्या आधी ती आठवडाभर ठणकली आणि मग शांत झाली. हिरडीवर बारीक फोड येई, फुटे, पुन्हा येई. ‘दुखताच नै, तो कायकू जाना?’ हा त्यांचा सवाल आणि ‘ईद के बाद देखेंगे’ हा निकाल. त्यांना शुगर आहे, म्हणून आम्ही हट्टानं त्यांना दवाखान्यात नेलं. एक्स-रेत मुळांच्या टोकाशी काळा डाग दिसला. ‘इथलं हाड गेलंय,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. अब्बांनी विचारलं, ‘किड्यानं खाल्लं का?’ त्या म्हणाल्या, ‘नाही चाचा, तुमच्याच शरीरानं.’

हे उत्तर माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून वाचत गेलो.

दातातल्या नसेला रक्त मिळतं ते मुळाच्या टोकाशी असलेल्या, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान छिद्रातून. कीड खोल गेली की जंतू नसेपर्यंत पोचतात. नस सुजते, पण भोवती दाताच्या कडक भिंती असतात, त्यामुळे सुजेला जागा नसते. म्हणून तो जीवघेणा ठणका. शेवटी नस मरते आणि रक्त येण्याचा रस्ताच बंद होतो. संरक्षक पेशी रक्तातून येतात. रस्ता नाही, तर त्या आत जाणार कशा? जंतूंना दाताच्या आत सुरक्षित घर मिळतं. तिथून त्यांचं विष टोकाच्या छिद्रातून बाहेर झिरपत राहतं.

मग शरीर बाहेरच मोर्चा लावतं. आधी न्यूट्रोफिल पेशी येतात, लढून मरतात. पू म्हणतात त्यात मुख्यतः त्याच असतात. मागोमाग मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइट येतात. या पेशी इंटरल्युकिन-१, टीएनएफ, रँकल अशी रसायनं सोडतात. त्यांच्या इशाऱ्यावर ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जाग्या होतात आणि आम्ल सोडून हाड विरघळवू लागतात. हाडाच्या जागी रक्तवाहिन्यांनी आणि संरक्षक पेशींनी भरलेला मऊ गोळा तयार होतो. जंतू जबड्यात पसरू नयेत म्हणून शरीरानं घातलेला हा वेढा आहे, आणि त्याची किंमत हाड मोजतं.

मूळ कारण जंतूच, हे १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांनी दाखवलं. त्यांनी उंदरांच्या दाढा नस उघडी पडेपर्यंत कोरल्या आणि तशाच ठेवल्या. साध्या उंदरांच्या नसा सडल्या, मुळांशी पू झाला. पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढांत मात्र अन्नाचे कण अडकूनही नस जिवंत राहिली. जखमेवर नवं दंतिन चढलं.

यातून दोन गोष्टी कळतात. नुसत्या अँटिबायोटिकनं हे बरं होत नाही, कारण औषधही रक्तातूनच जातं आणि मेलेल्या नसेत रक्त नसतं. सूज तात्पुरती उतरते, जंतू आत तसेच राहतात. मिसवाक वरचा दात स्वच्छ ठेवते; कीड लागू नये म्हणून ती फार कामाची. पण मुळाच्या आत ती पोचू शकत नाही. रूट कॅनाल करून नळ्या साफ करायच्या आणि घट्ट बंद करायच्या, किंवा दाढ काढायची, हेच उपाय.

आमच्याकडे अडलं होतं ते रोज्यावर. रक्त किंवा पाणी घशाखाली गेलं नाही तर दाताच्या उपचारानं रोजा मोडत नाही, असं बहुतेक आलिम सांगतात. तरी अब्बांच्या मनाला पटेना. शेवटी डॉक्टरबाईंनी इफ्तारनंतरची वेळ दिली आणि तीन बैठकांत काम झालं. हिरडीवरचा फोड पुन्हा आला नाही. वर्षभरानंतरच्या एक्स-रेत काळा डाग बराच आक्रसला होता. हाड भरायचं कोणतंही औषध कुणी दिलं नव्हतं. जंतूंचा पुरवठा तुटला, वेढा उठला, आणि ज्या शरीरानं हाड उकरलं होतं त्यानंच ते भरायला घेतलं. शुगर ताब्यात नसेल तर हे भरणं रेंगाळतं, म्हणून अब्बांचा चहा त्या वर्षी बिनसाखरेचा झाला.

घरात कुणाची दाढ ठणकून आपोआप शांत झाली असेल, एखादा दात काळपट पडला असेल, हिरडीवर फोड येत-जात असेल, तर एक एक्स-रे काढून घ्या. आणि जबड्याखाली सूज येऊन गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात जा. ती सूज जीव घेऊ शकते. ईदपर्यंत थांबायचं दुखणं ते नव्हे.