रेखाचित्रांच्या कारखान्यांतील हाडामांसाचीं माणसें

वॉल्ट डिस्ने हें नांव कानीं पडलें कीं डोळ्यांपुढें प्रथम उभा राहतो तो मोठ्या कानांचा उंदीर. त्याच्यामागून हिमगौरी आणि तिचे सात बुटके येतात. त्याच कारखान्यांतून हाडामांसाच्या माणसांचेहि पुष्कळ चित्रपट बाहेर पडले, आणि एके काळीं त्या संस्थेचा बराचसा संसार त्यांवरच चालला, ही गोष्ट आपल्याकडील वाचकांस तितकीशी परिचित नसावी. हे जुने चित्रपट आमच्या घरांतील मुलांनीं अलीकडे एकामागून एक पाहिले. मुलांबरोबर कोणी तरी वडील माणसानें बसावें असा घरचा दंडक असल्यामुळें ती कामगिरी मजकडे आली. प्रारंभीं कर्तव्य म्हणून बसलों. पुढें पुढें मुलांना हांक मीच मारूं लागलों.

डिस्ने या धंद्याकडे वळला तो हौसेनें नव्हे, अडचणीनें. हलत्या चित्रांना सेकंदास २४ चौकटी लागतात, आणि त्या भरावयाच्या म्हणजे शेंकडों चित्रकारांचे हात राबावे लागतात. १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’नें अपार पैसा दिला, परंतु पाठोपाठ महायुद्ध आलें, युरोपची बाजारपेठ बुडाली, १९४१ मध्यें चित्रकारांनीं संप केला, आणि संस्था कर्जांत रुतली. मग अर्धें चित्र व अर्धीं माणसें अशी मिसळ करून खर्च आवरण्याचा मार्ग निघाला. १९४६ चा ‘साँग ऑफ द साउथ’ हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण. त्यांतील काका रीमसचें काम करणाऱ्या जेम्स बॅस्केट या कृष्णवर्णी नटास विशेष ऑस्कर मिळालें, आणि त्याच चित्रपटावर कृष्णवर्णीयांच्या जीवनाचें खोटें गोड चित्र काढल्याचा आरोप आला. तो आरोप रास्त होता. पुढें संस्थेनेंच तो चित्रपट दाखविणें बंद केलें.

संपूर्ण माणसांचा पहिला चित्रपट ‘ट्रेझर आयलंड’ १९५० मध्यें आला, त्याचेंहि कारण हिशेबाच्या वहींत सांपडतें. युद्धानंतर इंग्लंडच्या तिजोरींत डॉलरचा खडखडाट होता. त्यामुळें अमेरिकन चित्रपटांनीं तेथें मिळविलेल्या पैशापैकीं फारच थोडा बाहेर नेण्याची मुभा होती. उरलेला पैसा तेथेंच खर्चावयाचा, तर कशावर? चित्रकारांचा एवढा मोठा ताफा तिकडे कोठून आणणार? नट, तंत्रज्ञ आणि जुनीं जहाजें मात्र इंग्लंडांत हवीं तितकीं होतीं. तेव्हां स्टीव्हन्सनची कादंबरी निघाली, बायरन हॅस्किन दिग्दर्शक झाला, आणि एका पायाच्या लाँग जॉन सिल्व्हरची भूमिका रॉबर्ट न्यूटननें अशी वठविली कीं त्यानंतरचा प्रत्येक पडद्यावरचा चांचा त्याच्याच घोगऱ्या आवाजांत बोलतो. याच मार्गानें पुढें ‘रॉबिन हूड’ (१९५२) आणि ‘रॉब रॉय’ (१९५३) ब्रिटनमध्येंच तयार झाले.

‘ट्रेझर आयलंड’मधील जिम हॉकिन्स म्हणजे बॉबी ड्रिस्कॉल. मुलगा मोठा गुणी. १९५० सालीं बालनटाचें ऑस्कर त्यास मिळालें. इंग्लंडांत कामाचा परवाना नसल्यामुळें खटला झाला, दंड झाला, आणि अपिलाच्या मुदतींत त्याचीं दृश्यें घाईघाईनें उरकून घ्यावीं लागलीं. १९५३ च्या ‘पीटर पॅन’मध्यें कधींहि मोठा न होणाऱ्या मुलाचा आवाज त्याचाच आहे. मात्र तो स्वतः मोठा झाला. आवाज फुटला, तोंडावर मुरमें आलीं, आणि संस्थेनें करार आटोपता घेतला. पुढें तो व्यसनांत सांपडला. मार्च १९६८ मध्यें न्यूयॉर्कमधील एका ओसाड इमारतींत दोघां मुलांना त्याचें प्रेत आढळलें. वय अवघें ३१. ओळख न पटल्यामुळें बेवारशी म्हणून त्यास पुरण्यांत आलें. आईनें पुढें शोध घेतला तेव्हां बोटांच्या ठशांवरून तो कोण हें उमगलें. आमच्या मुलांस हें मी सांगितलेलें नाहीं. तीं अजून जिमचीं धाडसें पाहून टाळ्या पिटतात. पण मी तो चेहरा पडद्यावर पाहतों तेव्हां माझें लक्ष कथेंत राहत नाहीं.

१९५४ चा ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ हा या साऱ्यांत मला सर्वांत भव्य वाटतो. त्याचा दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशर हा डिस्नेच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याचा, मॅक्स फ्लायशरचा, मुलगा; वैऱ्याच्या घरची चाकरी धरण्यापूर्वीं त्यानें बापाचा सल्ला घेतला होता. राक्षसी माखल्याचा प्रसंग प्रथम शांत समुद्रावर, मावळत्या सूर्याच्या प्रकाशांत चित्रित झाला. त्यांत तारा दिसत होत्या आणि बाहुलें बाहुलेंच वाटत होतें. तो सारा टाकून देऊन रात्र, वादळ आणि लाटांच्या फवाऱ्यांत पुन्हां नवा काढला. अंधारानें उणीव झांकली, एवढेंच नव्हे तर भीतिहि दुप्पट केली.

येथें मात्र एक गोष्ट आपण ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कप्तान नेमो कोण? ज्यूल व्हर्नच्या पहिल्या कादंबरींत त्याचें कूळ सांगितलेलें नाहीं. व्हर्नच्या मनांत रशियानें छळलेला पोलिश सरदार होता. रशियांतील विक्री जाईल या भीतीनें प्रकाशकानें तें होऊं दिलें नाहीं. ‘मिस्टीरियस आयलंड’ या पुढच्या कादंबरींत, १८७५ सालीं, उलगडा झाला कीं नेमो म्हणजे बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कर. १८५७ च्या युद्धांत तो लढला, त्याचें कुटुंब मारलें गेलें, आणि इंग्रजांवरील रागानें तो समुद्राच्या पोटांत शिरला. व्हर्न त्यास टिपूचाहि पुतण्या ठरवितो. श्रीरंगपट्टणचा मुसलमान सुलतान आणि बुंदेलखंडाचा राजा हे बंधु कसे, हें त्या फ्रेंच गृहस्थालाच ठाऊक! आमच्या पिढीस भा. रा. भागवतांमुळें व्हर्न मराठींतच भेटला. झांशीच्या शेजारचा हा नायक पडद्यावर जेम्स मेसनच्या रूपानें आला तो अस्सल युरोपियन होऊन. चित्रपटकर्त्यांनीं त्याला पूर्वायुष्य दिलें: गुलामांची छावणी, छळून मारलेली बायको व मूल. फक्त देश काढून घेतला. मूळ पुस्तकांत देश नव्हताच, असा बचाव करतां येईल, आणि तो कांहीं अंशीं खराहि आहे. पण दुःख हवें आणि तें दुःख कोणी दिलें तें नको, अशी ही निवड मला पटत नाहीं. मेसनचें काम उत्तम आहे, हेंहि सांगितलें पाहिजे.

आतां ‘ओल्ड येलर’विषयीं. हा १९५७ चा चित्रपट. दिग्दर्शक रॉबर्ट स्टीव्हन्सन. आधार फ्रेड गिप्सनच्या आदल्या वर्षींच्या कादंबरीचा. स्थळ टेक्सास, काळ अमेरिकेंतील यादवीनंतरचा. बाप गुरें घेऊन दूर गेलेला, घराची जबाबदारी थोरल्या ट्रॅव्हिसवर. एक भटका पिवळा कुत्रा घरांत शिरतो, चोऱ्या करतो, आणि हळूहळू घरचा होतो. पिसाळलेल्या लांडग्यापासून कुटुंबाला वांचवितांना त्यालाच चावा बसतो. त्याला कोंडून ठेवतात, वाट पाहतात, आणि शेवटीं तो पिसाळतो. आई बंदूक उचलूं लागते तेव्हां मुलगा म्हणतो कीं कुत्रा माझा आहे, मीच तें करीन. बार उडतो. पुढें पुरलेल्या जागेजवळ तो बसलेला दिसतो.

माझे वडील बंधु गेल्या श्रावणांत वारले. त्या तेरा दिवसांत त्यांच्या आठ वर्षांच्या नातवास आत्याकडे धाडून दिलें होतें, आणि ‘मोठे आजोबा देवाघरीं गेले’ एवढेंच त्यास सांगितलें होतें. हा चित्रपट पाहतांना तो रडला नाहीं. कुत्र्याला पुरल्यावर त्यानें मला विचारलें, “धाकटे आजोबा, तो मुलगा तिथं होता ना? मग मला का पाठवलं?”

माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मी त्याला जवळ घेतलें, आणि आजोबांच्या शेवटच्या दिवसांविषयीं त्यास जें पेलेल तें सांगितलें. रात्रीं यावरून घरांत वाद झाला. त्याची आई, माझी पुतणसून, शांत स्वभावाची आहे, पण त्या रात्रीं ती म्हणाली, “काका, आपण म्हणता तें पुस्तकांत ठीक आहे. रात्रीं तो दचकून उठतो तेव्हां त्याला थोपटायला मी असतें.” तिचें म्हणणें मला खोडून काढतां आलें नाहीं. आमच्या सौभाग्यवतीनें तिचीच बाजू घेतली. आपल्या संस्कृत नाटककारांनींहि रंगभूमीवर मरण दाखविण्याचें बहुधा टाळलें आहे. भासाचें ‘ऊरुभंग’ हा अपवाद. पण करुणाला त्यांनीं दार बंद केलें नाहीं; भवभूतीनें तर त्यालाच सर्व रसांचें मूळ मानलें. मरण दिसूं नये, शोक मात्र दिसावा, हा जो त्यांचा विवेक, तोच या टेक्सासच्या कथेंत आहे असें मला वाटतें. बाप घरीं परततो तेव्हां तो मुलाला विसरून जा असें म्हणत नाहीं, आयुष्य असेंहि असतें एवढें सांगतो. शेवटीं मुलगा त्या कुत्र्याचें पिलूं जवळ करतो, तेंहि लगेच नव्हे.

भाऊंचें वर्षश्राद्ध या श्रावणांत आहे. त्या दिवशीं मुलानें घरांत असावें असें मी सुचविलें. पुतणसूनबाईनें अजून होकार दिलेला नाहीं; नकारहि दिलेला नाहीं.

एवढ्या सच्च्या चित्रपटाच्या पुढच्याच वर्षीं त्याच संस्थेनें ‘व्हाइट विल्डर्नेस’ हा निसर्गपट काढला, त्यांत लेमिंग नांवाचे उंदरासारखे प्राणी कळपानें कड्यावरून उड्या घेऊन आत्मघात करतात असें दाखविलें आहे. तें सारें रचलेलें होतें. प्राणी विकत आणलेले, जागा समुद्रापासून दूर आल्बर्टांतली, आणि उड्या ढकलून घडविलेल्या. कॅनडाच्या दूरचित्रवाणीनें १९८२ मध्यें हें उघडकीस आणलें. त्या चित्रपटास ऑस्कर मिळालें होतें, आणि ती खोटी समजूत अजून पुष्कळांच्या डोक्यांत आहे. कल्पित कथेंतील कुत्रा खरा आणि ‘सत्यकथें’तील उंदीर खोटा!

बाकीचे भराभर सांगतों. १९५९ च्या ‘शॅगी डॉग’नें थोड्या खर्चांत फार पैसा दिला, आणि मग विनोदी पटांची रांगच लागली. १९६१ च्या ‘पेरंट ट्रॅप’मध्यें हेली मिल्सनें दोन्हीं जुळ्या बहिणी केल्या, मूळ कथा एरिख केस्टनरची, जर्मन. तीच युक्ति १९६८ च्या ‘दो कलियाँ’मध्यें आपल्याकडे आली, आणि आमच्या सौ.ला तोच अधिक आवडतो. ‘मेरी पॉपिन्स’ (१९६४) मिळविण्यासाठीं डिस्नेनें लेखिका ट्रॅव्हर्स बाईंची वीस वर्षें मनधरणी केली; चित्रपटास पांच ऑस्करें मिळालीं, बाई मात्र अखेरपर्यंत नाराज. १५ डिसेंबर १९६६ रोजीं डिस्ने वारला. त्यानंतरच्या चित्रपटांत मोटार पुष्कळ धांवते, मन थोडें हलतें.

२०१६ चा ‘जंगल बुक’ मुलांनीं शेवटीं लावला. मध्यप्रदेशांतील शिवनीचें अरण्य त्यांत पानापानानें दिसतें. तें सारें लॉस एंजलिस येथें, संगणकावर उभें केलेलें. खरा जीव एकच, मोगलीचें काम करणारा नील सेठी. अस्वलाच्या जागीं बाहुल्या हलविणारीं माणसें त्याच्यासमोर उभीं राहत. डिस्नेनें १९२३ मध्यें कॅन्सस सिटींत ‘अ‍ॅलिसेस वंडरलँड’ काढला तेव्हां व्हर्जिनिया डेव्हिस ही चार वर्षांची मुलगी होती. तिच्यामागें पांढरें कापड टांगलेलें असे, आणि प्राणी मागाहून काढावयाचे असत. कोणीकडे पाहून हंसावयाचें तें डिस्ने तिला बाजूस उभा राहून सांगे.