मेंडोलिन घ्यावे की न घ्यावे?

नवी वस्तू विकत घेताना माणसाला केवळ आपल्या खिशाचा विचार करावा लागतो. जुनी वस्तू घेताना मात्र तिच्या पूर्वायुष्याचाही विचार करावा लागतो. जुने घड्याळ, जुनी सायकल आणि जुना शब्दकोश या तिन्ही व्यवहारांत मी आजवर फसलेलो आहे. (शब्दकोशातली 'प'पासून 'भ'पर्यंतची पाने गायब होती, हे मला घरी आल्यावर 'फसवणूक' हा शब्द शोधताना कळले!) तरीसुद्धा गेल्या उन्हाळ्यात आमच्या वाड्यावरच्या एका वृद्ध ख्रिस्ती शेजारणीने आपल्या दिवंगत यजमानांचे मेंडोलिन विकायला काढल्याचे ऐकले, तेव्हा ओठांवर आलेला 'नको' ओठांवरच विरून गेला.

तिचे यजमान तारवटी होते. म्हणजे बोटीवर नोकरी करणारे. आमच्या सासष्टीत असा समुद्रावर गेलेला माणूस पुष्कळ घरांतून असे. रजेवर आले, की ते संध्याकाळी बाल्कांवात बसून मेंडोलिन वाजवीत. मी तेव्हा आठ-दहा वर्षांचा असेन. पायरीवर बसून ऐकताना काळोख केव्हा पडला, हेही मला कळत नसे. लहानपणी चर्चच्या शाळेत ते व्हायोलिन शिकले होते. मेंडोलिनच्या आठ तारा म्हणजे चार जोड्या, आणि त्या चार जोड्या व्हायोलिनच्याच चार स्वरांत लावतात. त्यामुळे एका वाद्याची बोटे दुसऱ्यावर सहज बसतात. फरक एवढाच, की व्हायोलिनचा स्वर गजाने हवा तितका लांबवता येतो. मेंडोलिनचा स्वर मात्र उमटताच विझू लागतो. म्हणून वादक नखीने जोडतारा भराभर छेडून त्याला थरथरता का होईना, पण जिवंत ठेवतो. लहानपणी मला वाटे, की ते वाद्य थंडीने कुडकुडते आहे.

शेजारणीने पेटी उघडून ते माझ्यापुढे ठेवले. कलिंगडाच्या फोडी एकमेकींना चिकटवाव्यात तशा लाकडी पट्ट्यांची गोल पाठ. हा घाट मूळचा इटलीतील नेपल्सचा. नादछिद्रातून आत पाहिले, तेव्हा पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर नागोयाच्या सुझुकी व्हायोलिन कंपनीचे नाव, 'एम-३०' हा नमुना आणि १९७४ हे साल वाचता आले. मोटारसायकलींशी या सुझुकीचा संबंध नाही. मासाकिची सुझुकी या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नागोयात व्हायोलिने घडवायला आरंभ केला. मुलांना मातृभाषेसारखे संगीत शिकवावे असे सांगणारे शिनिची सुझुकी (१८९८-१९९८) हे त्यांचेच चिरंजीव. जपानातील शाळा-महाविद्यालयांतून मेंडोलिनवादनाची मंडळे चालतात. असेच एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती जायचे वाद्य एका गोमंतकीय खलाशाने बंदरावर उतरून विकत घेतले आणि ते सासष्टीला आले.

"पुता, तुका जाय जाल्यार व्हर," ती म्हणाली. आणि मग किंमत सांगितली बारा हजार. पावसाळ्यापूर्वी घराची मागची बाजू शाकारायची होती. वासे कुजले होते, नळे फुटले होते. पैसे त्यासाठी हवे होते.

मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. घरी पत्नीने विचारले, "शाळेत पेटी आहे ना?" आमच्या संगीतशिक्षकांनी याहून शास्त्रशुद्ध आक्षेप घेतला. पडद्यांच्या आणि आखूड तारांच्या वाद्यावर मींड कशी काढणार? मी सज्जाद हुसेन (१९१७-१९९५) यांचे नाव पुढे केले. चित्रपटांना संगीत देणाऱ्या या मानी कलावंताने मेंडोलिनवर हिंदुस्थानी राग वाजवले होते. यू. श्रीनिवास (१९६९-२०१४) यांचाही दाखला दिला. ते म्हणाले, "श्रीनिवासांनी जोडतारा टाकून पाच एकेरी तारांचे विजेचे मेंडोलिन हाती घेतले. आणि मुख्य म्हणजे ते श्रीनिवास होते." यावर मजजवळ उत्तर नव्हते.

खरा निर्णय दिला तो आमच्या मेस्ताने. हा सुतार दारे-खिडक्यांइतक्याच सहजतेने व्हायोलिने दुरुस्त करतो. त्याने मेंडोलिन बंदुकीसारखे डोळ्याशी धरून बोटपट्टीच्या कडेवरून नजर फिरवली आणि जीभ टाळूला लावून 'च्' केले. गळा वर उचलला गेला होता. आठ तारांचा ताण मिळून पन्नास-साठ किलोंच्या घरात जातो. यजमान वारल्यावर त्या तारा कोणी सैल केल्या नव्हत्या आणि मधल्या काळात गोव्याचे सात पावसाळे त्या लाकडाने आत शोषले होते. यात बनवणाऱ्याचा काय दोष? तारा पट्टीपासून इतक्या उंच गेल्या होत्या, की दाबताच स्वर चढे. बाराव्या पडद्यावर, म्हणजे तारेच्या बरोबर मध्यावर, मोकळ्या तारेचा वरच्या सप्तकातला स्वर मिळायला हवा. तिथे भलताच स्वर निघत होता. घोडी मागे-पुढे सरकवून भागण्यासारखे नव्हते. पडदे उपटून, पट्टी रंधून, पुन्हा पडदे बसवावे लागणार होते. मेस्ताने तीन हजार सांगितले आणि वर सल्ला दिला, "घेऊ नका. नवे स्वस्त पडेल."

वाद्याचा प्रश्न इथे संपला आणि माझा सुरू झाला. तिला हे सांगावे काय? न सांगता 'परवडत नाही' म्हणून परत केले, तर दुसरा कोणी तरी अजाण माणूस बारा हजार देईल आणि छप्पर होईल. सांगितले, तर ते मेंडोलिन तिच्या लेखी बारा हजारांचे उरणार नाही. दोष दाखवून भाव पाडण्याचा तिसरा मार्ग बाजारात सर्वमान्य आहे. पण ज्या पायरीवर बसून मी ऐकले, त्याच पायरीवर उभे राहून तो चोखाळायचा धीर मला झाला नाही. वर्गात 'सत्य' या विषयावर निबंध लिहायला सांगणे फार सोपे असते.

शेवटी सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग वाद्य माझ्या हातून काढून घेत म्हणाली, "ते वाजवीत होते तेव्हा ते सरळ होते." जणू मी मृताच्या चारित्र्यावरच शिंतोडा उडवला होता! तिने पेटी बंद केली. पुढचे आठ दिवस मी तिच्या घरावरून जाताना ती बाल्कांवात असली, की आत निघून जाई. खरे बोलून मी दोन्हींना मुकलो, वाद्यालाही आणि शेजारालाही, असे मला वाटू लागले.

नवव्या दिवशी तिने मला बोलावून घेतले. पेटी मेजावर उघडी होती आणि तारा सैल केलेल्या होत्या. "मेस्ताला मी विचारले," ती म्हणाली. "नऊ मला दे, तीन त्याला दे." तिच्या यजमानांनी ठरवलेले मोल तिने एका पैशानेही कमी होऊ दिले नव्हते, त्यातला खर्चाचा वाटा तेवढा स्वतःकडे घेतला होता. त्या हिशेबापुढे माझे आक्षेप, संगीतशिक्षकांचे शास्त्र आणि पत्नीची पेटी सारेच निरुत्तर झाले. मी नऊ हजार मोजले. छपराचा उरलेला भाग तिने त्या वर्षापुरता ताडपत्रीने झाकून घेतला. ते मला दिसत होते, अजूनही दिसते.

मेंडोलिन मेस्ताकडून परत आले तेव्हा मृगाचा पाऊस सुरू झाला होता. पहिल्या उघडिपीच्या संध्याकाळी मी ते घेऊन तिच्या पायरीवर गेलो. लहानपणी त्यांनी शिकवलेली एकच चाल मला येत होती, तीही अर्धी. ती वाजवीत असता आतून भांड्यांचा आवाज थांबला.

"ल्हान तार चडल्या," ती आतूनच म्हणाली.

मी जोडीतल्या दोन्ही तारा वेगवेगळ्या छेडून पाहिल्या. एक खरोखरच चढली होती. मी चावी थोडी सैल केली आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला.