सव्वा रुपयाची खडी

मावशीच्या घरात पाण्याचा माठ तिवईवर नसायचा. कोपऱ्यात खडीचं गोल आळं केलेलं आणि त्यात माठ घट्ट बसवलेला. ती खडी माझ्या आईनं फोडलेली होती, आणि मावशीनं ती चर्चमध्ये, भर लिलावात, सव्वा रुपयाला घेतली होती.

मावशी आमच्या नात्यातली नव्हे. आमच्या नगर भागात तिच्यासारखीला बायबलबाई म्हणत. मिशनच्या तुटपुंज्या पगारावर वाड्यावस्त्या पायी हिंडायच्या, बायांना येशूच्या गोष्टी सांगायच्या, कुणाच्या लेकराचं दुखलंखुपलं असेल तर रात्र तिथंच काढायची. तिच्या पिशवीत दोन पुस्तकं असत, बायबल आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. खरं सांगायचं तर दुसरं जास्त विटलेलं होतं. ते वाचताना ती एकटीच खुदुखुदु हसायची.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आटलेली विहीर खोल करताना सुरुंगाचा दगड लागून वडील गेले. महिनाभरातच आई रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला लागली. आम्हा पोरांना तिथं सुकडी मिळायची, म्हणून आम्ही खुशीत. घरी मात्र अमेरिकेहून आलेली लाल मिलो. तिची भाकरी थापतानाच चिरायची आणि वासानं घास फिरायचा.

आईनं चर्च सोडलं. पाळकसाहेब दोनदा येऊन गेले. ‘देवाची इच्छा’ हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले आणि आईनं त्यांच्यापुढचा चहाचा कप उचलून आत नेला. लोक मावशीच्या मागे लागले, तुम्ही तरी समजवा. ती म्हणाली, “टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, त्यांच्या बायकोचा, लक्ष्मीबाईंचा, १९०० सालचा. एवढ्या शहाण्या बाईला पाच वर्षं लागली. हिला पाच महिने तरी द्याल का नाही?”

तिनं समजावलं काहीच नाही. दुपारी फेरी आटोपली की ती कामावर यायची, आईशेजारी बसायची, पदर खोचायची आणि हातोडी घ्यायची. मजुरी मापावर. मावशीनं फोडलेली खडी आईच्याच ढिगात पडायची. हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. मुकादमानं हटकलं तर म्हणाली, “मी कुठं काम करते? मी बोलत बसलेय.” आणि बोलत तर दोघी अजिबात नव्हत्या.

मग कापणीचा सण आला. ज्याच्या शेतात जे पिकलं ते देवापुढं आणायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव. एरवी एका भोपळ्यावरून दोन घरांत ईर्षा लागायची. त्या वर्षी सण करावा की नाही यावरच वाद झाला. मावशी अडून बसली, सण होणारच. त्या दिवशी पाळकसाहेबांनी हबक्कूक संदेष्ट्याचा शेवटचा अध्याय वाचला. उजाड मळे, रिकामे गोठे आणि तरीही आनंद. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर आनंद काही मला दिसला नाही. मेजावर होती चार अंडी, वाटीभर तीळ, कुणाची तरी जुनी चादर.

तेवढ्यात आई आली. पाच महिन्यांनी. डोक्यावर पाटी. थेट पुढं गेली आणि मेजाच्या पायथ्याशी खडी ओतली. “यंदाचं पीक,” म्हणाली.

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पाळकसाहेब खाली बघत राहिले. कुणीतरी ‘उचला ते’ असं पुटपुटलं. मागून मावशीचा खणखणीत आवाज आला, “एक रुपया!” कुणी हसलं नाही, कुणी बोली वाढवेना. तेव्हा तिनं स्वतःचीच बोली स्वतः वाढवली, “सव्वा!” आणि आई, जी वडिलांच्या मातीलासुद्धा रडली नव्हती, तिथंच त्या खडीशेजारी मटकन बसली.

पुढं आईचं चर्चला जाणं सुरू झालं, पण हळूहळू, कधी एखादा रविवार, कधी दोन. मावशीनं तिला कधी मोजलं नाही.

२०२० च्या फेब्रुवारीत माझी बायको गेली आणि पुढच्याच महिन्यात टाळेबंदी आली. मी प्रार्थना सोडून दिली होती. आई काही म्हणाली नाही. रोज दुपारी माझ्याशेजारी बसून लसूण सोलायची. दोन माणसांच्या घरात दोन वर्षं पुरेल एवढा लसूण! १२ एप्रिलला ईस्टर होता. दरवर्षी पहाटे आम्ही सगळे दिवट्या-बत्त्या घेऊन कबरस्तानात जातो, गातो. तेव्हा सगळंच बंद. अंधारात आई दार उघडून उंबऱ्यावर उभी राहिली आणि टिळकांचं भजन म्हणू लागली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा गळा, सूर कुठल्या कुठं. दुसऱ्या कडव्याला मला राहवेना. निदान सूर तरी नीट लागावा म्हणून मी साथ धरली.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. लिलावाचे पैसे तिनं तीन हप्त्यांत फेडले होते, हे आईला फार उशिरा कळलं. तेव्हापासून कापणीच्या सणात आईची बोली पूर्ण रुपयांत थांबत नाही. भाजीची जुडी असो की कोंबडी, वर चार आणे असतातच. २०११ च्या जूनअखेर चार आण्याचं नाणं चलनातून गेलं. आईकडे त्यांचा डबाभर साठा आहे. दर वर्षी खजिनदार नोटा मोजून घेतो, नाणं उलटसुलट करून पाहतो आणि मुकाट्यानं वहीत पंचवीस पैसे लिहितो.